पान मी वाढते

"ताई, चेहऱ्यावर काही नको," सारंग म्हणाला. "राग नको, माया नको, पश्चात्ताप नको. काही म्हणजे काहीच नको. तू फक्त पान वाढ आणि बाजूला बस."

"आणि तो जेवतो?"

"जेवतो की नाही, ते आपण दाखवणारच नाही. कॅमेरा वरून, सरळ पानावर. बारा सेकंद. मग काळोख. सिनेमा संपला."

"बारा सेकंद नुसतं पान?"

"नुसतं पान. सगळं त्या पानातच आहे, ताई."

मी मान डोलावली. मेल्याला कुठे माहीत होतं, तो किती खरं बोलतोय ते!

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. देवरुखजवळ लिमये म्हणून आहेत, त्यांचं घर शूटिंगसाठी घेतलं होतं. सारंग मुळ्ये हा माझा मामेभाऊ. पुण्यात वाढलेला, पुढे कुठे कुठे जाऊन सिनेमा शिकून आलेला. मी कुंदा आठल्ये, रत्नागिरीच्या पोस्टात नोकरी आणि उरलेल्या वेळात नाटकं. राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा बक्षीस घेतलंय, उगीच नाही सांगत. पण सारंगने मला घेतलं ते त्या बक्षिसांमुळे नव्हे. सिनेमात मी करणार होते ती आत्या म्हणजे माझी आई होती.

आता हे सगळं आधी सांगायलाच हवं.

त्र्याहत्तर सालचा वैशाख. मी आठ वर्षांची. वडील गेल्यावर आई मला घेऊन देवरुखला माहेरी राहत होती. आजीला अर्धांगवायू झालेला, ती माजघरात खाटेवर. एका दुपारी आजीचा श्वास लागला. आईने भालूमामाला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला सांगितलं, "तू आईजवळ बस. हलू नकोस. मी डॉक्टरांना घेऊन येते." मी तिचा पदर सोडेना, म्हणून मलाही फरफटत नेलं. उन्हात दीड मैल. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही दोघी चार वाजेपर्यंत बसलो, तिकडे चिटपाखरू नव्हतं. शेवटी तशाच परत आलो, तर आजी गेलेली.

आमचा आवाज ऐकून आलेल्या शेजारच्या काकू सांगत होत्या, "पाणी, पाणी असं ऐकू येत होतं हो. म्हटलं, आहे कोणीतरी घरात." खिडकीत फुलपात्र भरलेलं होतं, आजीच्या हाताला लागणार नाही इतकं लांब.

भालूमामा आमच्या मागून आला. तो देवळामागे पत्ते कुटत होता. तोवर चार मोठी माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं, "घरात कोण होतं?"

मामाने जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई होती."

मी आईकडे बघितलं. ती मामाकडे बघत होती. बोलली काहीच नाही.

तेराव्याला आई पंगतीत पाणी वाढायला गेली. पहिल्याने पेल्यावर हात आडवा धरला. मग दुसऱ्याने. अख्खी पंगत, एकामागून एक. तांब्या जसाच्या तसा भरलेला घेऊन आई आत आली. आपल्या आईला तहानेने मारणारी बाई! तिच्या हातचं पाणी कोण घेणार? दोन महिन्यांत आम्ही रत्नागिरीला आलो, ते कायमचं.

आई तिथे लोकांकडे स्वयंपाकाला जायला लागली. मुंजी, बारशी, आणि श्राद्धं तर हमखास, कारण सोवळ्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पानं मांडायला मी. एकदा बारशाच्या पंगतीत मी एक पान उलटं मांडलं. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला पानाचं टोक यायला हवं, माझं उजव्या हाताला आलं. आईने पाठीत असा धपाटा घातला की काय सांगू. "जिवंत माणसाचं पान आहे ते, कुंदे!" आमच्यात टोक उजवीकडे, मीठ नाही, भोवती रांगोळी नाही, असं पान फक्त श्राद्धाला वाढतात. तो धपाटा मी जन्मात विसरले नाही.

मोठी झाल्यावर कितीदा तरी तिला विचारलं, "तू बोललीस का नाहीस?"

"त्याचं लग्न ठरत होतं. घाबरला असेल. बोलेल आपणहून."

एकेचाळीस वर्षं! भालूमामा पुण्यात बँकेत मोठा साहेब झाला, फ्लॅट घेतला, निवृत्त झाला. आणि आपणहून काही बोलला नाही.

तर असा हा मामा, आणि त्याचा मुलगा सारंग एक दिवस सिनेमाची वही घेऊन माझ्या दारात. मला वाटलं, बापाने पाठवलं असेल. कसलं काय! मामाने घरात विषयच काढला नव्हता. सारंगने नातेवाइकांकडून गोळा करून गोष्ट लिहिली होती. म्हणाला, "ताई, मला आत्याला खलनायिका करायचं नाहीये. तिने पाणी दिलं नाही, की द्यायच्या आत आजी गेली, की ती थकली होती, हे मी उघड करणारच नाही. मला तिच्याबद्दल फार माया वाटते. मी तर तिला केव्हाच माफ केलंय."

माफ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे मी त्याला सगळं सांगितलं. दवाखाना, पायरी, चार वाजेपर्यंतचं ऊन, सगळं.

त्याने मन लावून ऐकलं. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तू आठ वर्षांची होतीस, ताई. माणूस आठवणी नंतर रचतो. तुझ्या आठवणीचा मला आदर आहे. पण बघ ना, म्हणूनच ही व्यक्तिरेखा संदिग्ध ठेवायला हवी."

"संदिग्ध," मी म्हटलं.

"हो. म्हणजे उत्तर द्यायचं नाही. ते प्रेक्षकांवर सोडायचं."

बापाने एका शब्दात आईचं नाव घालवलं. आता हा पोरगा सुंदर सुंदर प्रकाश पाडून ते देशोदेशी दाखवणार होता, वर प्रेमाने! त्याला हाकलून द्यावं असं क्षणभर वाटलं. मग मी वही चाळली आणि शेवटचं पान वाचलं. कितीतरी वर्षांनी भाऊ बहिणीकडे येतो, ती त्याला केळीच्या पानावर जेवायला वाढते. संपलं. मी वही मिटली.

"करते मी काम," मी म्हटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "कर. शेवटी काय होतं?"

"तो जेवायला येतो. तू वाढतेस."

"मी वाढते?" एवढंच म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. एकदा, निदान एकदा तरी, तिच्या माहेरच्या माणसांनी खरं ऐकावं, आणि तेही तिने डोळे मिटायच्या आत, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू? एवढंच नाही. मामाला सगळ्यांदेखत खाली बघायला लावायचं होतं, जसं आईला त्या पंगतीत बघायला लागलं तसं.

शेवटच्या शॉटच्या दिवशी तन्वी नावाची मुलगी पान मांडायला आली. सामानसुमान, मांडामांड तिच्याकडे होती. चांगली पोर, पण बुफेत वाढलेली. तिने पान धुतलं आणि उभंच ठेवलं, भिंतीकडे टोक करून.

"सरक गं बाय," मी म्हटलं. "पान मी वाढते."

"हो हो, ताईंनाच वाढू दे," सारंग खूश होऊन ओरडला. "अस्सल घरची पद्धत पाहिजे!"

भावाचं काम करणारा नट नागपूरकडचा. तो पाटावर येऊन बसला. मी पान धुऊन पुसून मांडलं, टोक त्याच्या उजव्या हाताला. भोवती रांगोळी नाही. भात, त्यावर वरण, तूप. भाज्या, कोशिंबीर, खीर, वडे, सगळं उलट्या बाजूने. लिमयेवहिनी, त्या घराच्या मालकीण, दारात वाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर पानावर गेली आणि चेहरा एकदम बदलला.

"अगो कुंदाताई, पान—"

"असू दे, वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातात मिठाची वाटी होती. देवरुखची बाई ती, द्वारका मुळ्येची, म्हणजे माझ्या आईची गोष्ट ऐकतच मोठी झालेली. हळूच विचारलं, "मीठ?"

"नको."

वहिनींनी वाटीवर झाकण ठेवलं आणि आत निघून गेल्या.

"सायलेन्स," सारंग म्हणाला. मी बाजूला बसले. चेहऱ्यावर काही आणलं नाही, अगदी सांगितल्यासारखं. कॅमेरा वरून बारा सेकंद त्या पानाकडे बघत होता. "कट! सुरेख, ताई! काय भयंकर शांतता आहे यात!"

"आहे ना?" मी म्हटलं.

सिनेमा बाहेरदेशी दोन महोत्सवांत फिरून आला. एक बक्षीसही मिळालं. सारंगच्या मनात काय आलं, आपल्याकडचा पहिला खेळ त्याने देवरुखला ठेवला, शाळेच्या सभागृहात. त्याच्या बाबांच्या गावात, सगळ्या मुळ्ये मंडळींसमोर! मला वाटलं, मी देवळात नवस बोलले असते तरी इतकं मिळालं नसतं.

आईला म्हटलं, चल. "माझं काय आहे तिकडे?" म्हणाली, आणि आली नाही.

सत्तर-ऐंशी नातेवाईक होते. पहिल्या रांगेत खांद्यावर शाल घेतलेला भालूमामा. मी तिसऱ्या रांगेत, बरोबर त्याच्या मागे. सिनेमा मी बघितलाच नाही, मामाची मान बघत होते. पडद्यावर खिडकीतलं फुलपात्र आलं, आजीचा आवाज आला, "पाणी." माझ्या मागे कोणीतरी च्च च्च केलं. आणि एक बाई म्हणाली, "अश्शीच होती हो ती. मनाचा थांग लागू द्यायची नाही."

बोला, अजून बोला, मी मनात म्हटलं. दहाच मिनिटं राहिली तुमची.

शेवटचा शॉट आला. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढं मोठं हिरवंगार पान. मी आकडे मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

"अगो बाई!" गोदाकाकूंचा आवाज. पंचाऐंशी वर्षांच्या, मामाच्या चुलत चुलती. तेराव्याच्या त्या पंगतीत होत्या. "पान बघ गो, पान!"

"टोक उजवीकडे आहे."

"मीठ कुठाय?"

"हे श्राद्धाचं आहे. जिवंत माणसाला कसं वाढलंय हे?"

कुजबुज मागून पुढे सरकत गेली. मामाची मान हलली नाही, पण शालीखालचे खांदे आवळलेले मला दिसले. दिवे लागले.

पुण्याहून एक प्राध्यापक चर्चा घ्यायला आले होते. बिचारे माईक घेऊन म्हणाले, "आत्याची व्यक्तिरेखा विलक्षण संदिग्ध आहे. त्या शेवटच्या पानात क्षमा आहे की अपराधीपण?"

"ते मी प्रेक्षकांवर सोडतो," सारंग हसून म्हणाला.

"प्रेक्षकांवर काय सोडतोस रे?" गोदाकाकू काठी टेकत उभ्या राहिल्या. "पान सांगतंय की! जेवायला बसलाय तो मेलेला आहे."

सारंगला काही कळेना. "म्हणजे काय, आजी?"

"तुला नाही कळायचं. कुंदे, पान तू वाढलंस?"

"हो काकू. मीच."

"चुकून?"

"द्वारकीच्या लेकीच्या हातून पान चुकेल का, काकू?"

काकू म्हणाल्या, "मग का गो असं केलंस?"

मी उभी राहिले. वाक्य मी वर्षभर पाठ केलं होतं. "आजी गेली त्या दुपारी माझी आई मला घेऊन डॉक्टरांच्या पायरीवर बसली होती. घरात कोणाला बसवून गेली होती, ते भालूमामाला विचारा."

सगळ्या माना मामाकडे वळल्या. तो उठला. खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मला बरं वाटत नाहीये," आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेला. कोणी त्याला हात द्यायला उठलं नाही.

परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. कंडक्टरला वाटलं असेल, बाईला काहीतरी झालंय. देवरुखपासून घरापर्यंत मी मनात ती मान, ते खांदे पुन्हा पुन्हा बघितले. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, नक्कल करून. तिने ऐकून घेतलं.

"टोक उजवीकडे?"

"हो."

"मीठ नाही?"

"नाही."

"जिवंत माणूस आहे तो, कुंदे," म्हणाली आणि आत निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. तिच्या मागे जाऊन ओरडले, "तू अशी! तू अशीच, म्हणून तर हे सगळं झालं! बेचाळीस वर्षं गाईसारखी गप्प! मी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तुला अजून त्याचाच पुळका?" आईने पांघरूण ओढून घेतलं. मी रडले त्या दिवशी, रागाने.

नवव्या दिवशी सकाळी सारंगचा फोन. "बाबा येतायत, ताई. दुपारी. ते नीट जेवतसुद्धा नाहीयेत." मी आईला सांगितलं. बरं म्हणाली. मग मी पोस्टात अर्ध्या दिवसाची रजा टाकायला गेले.

परत आले आणि पाठोपाठ दोघं आलेच. आमचे दोन जिने चढून मामाला धाप लागली होती, सदरा घामाने भिजलेला. आई खिडकीला पाठ करून सतरंजीवर बसली होती, पुढ्यात सूप, तांदूळ निवडत. तिने वर बघितलं, "ये," म्हणाली, आणि परत तांदळात बोटं घातली.

मामा खुर्चीत बसला नाही. तिच्यासमोर खालीच बसला, गुडघे धरून, कसाबसा. सारंग दारात उभा.

"ताई," मामा म्हणाला, "त्या दिवशी तू घरात नव्हतीस. मी होतो. म्हणजे, मीही नव्हतो. तू गेलीस आणि पाचच मिनिटांत मी देवळामागे गेलो. एक डाव खेळून येतो म्हटलं."

सारंगने बापाकडे बघितलं.

"गोदाकाकूला सांगितलंय मी," मामा म्हणाला. "सगळ्यांना सांगतोय, एकेकाच्या घरी जाऊन. तू का बोलली नाहीस गं ताई? एकदा माझ्या थोबाडीत मारून बोलली असतीस तर?"

आईने एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

मामा रडायला लागला. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं, ना आवाज ना काही, नुसती हनुवटी हलते. मग तोंड पुसून म्हणाला, "ताई, पाणी दे. तुझ्या हातचं दे."

हेच! याचसाठी तर एवढा अट्टाहास केला. भालू मुळ्ये माझ्या आईच्या हातचं पाणी मागत होता. मी आईकडे बघितलं. आता उठेल, मला वाटलं. माझी आई, गरीब गाय, आता उठेल आणि देईल.

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हतं. मी पडद्यावर जे केलं होतं ते नाटक होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"घरात कोणी नाही," ती म्हणाली.

मामा तिच्याकडे बघत राहिला. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, माठ भरलेला होता, पण माझा पाय उचलेना. शेवटी मामाने हळूहळू मान हलवली.

"नव्हतंच," म्हणाला. "कोणी नव्हतंच." आणि भिंतीला धरून उठला.

मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. मामा रिक्षात बसल्यावर सारंगने मला बाजूला घेतलं. "ताई, आत्याने असं का केलं? तिने त्यांना माफ केलं, की नाही केलं? नक्की काय होतं ते? मला सांग ना!"

"प्रेक्षकांवर सोड," मी म्हटलं.

जिना चढताना माझी मला शाबासकी देत होते, कसं बोलले बघ म्हणून. वर आले. आईने सूप बाजूला केलं होतं आणि उठायला ती खिडकीचा कठडा धरत होती. ती जरा सरकली तेव्हा मला दिसलं. तिच्या पाठीमागे, खिडकीत, फुलपात्र होतं. काठोकाठ भरलेलं, वर वाटी झाकलेली. सकाळी मी गेले तेव्हा ते तिथे नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

"बघतेस काय?" आई म्हणाली. "ओत ते झाडाला."

मी ओतलं.